भागीरथाबाईची चूल

शकुबाई दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या कपाळावरच्या जखमेतून रक्त गळत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. मुखरूनं हातातली सायकलची चेन खाली टाकली आणि पाण्याचा लोटा पुढं केला.

चांद्याला जटपुरा दरवाज्याजवळ मुखरू वैरागड्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानामागच्या खोलीत डोमाजी मडावी राहायचा. डोमाजी पूर्वी पोलिसात जमादार होता. वरच्यांचं मुकाट ऐकून घ्यायचं त्याला कधी जमलं नाही, म्हणून त्यानं नोकरी सोडली, आणि आता तो वकिलांसाठी आणि अडल्यानडल्या माणसांसाठी चौकश्या करायचा. मुखरू त्याचा जोडीदार. म्हणजे सायकल मुखरूची, पाय मुखरूचे आणि डोकं डोमाजीचं, अशी वाटणी होती. मुखरूला त्यात काही वावगं वाटत नसे.

त्या दिवशी मात्र तो सकाळपासून घुश्श्यात होता. घरी बायको नवी चूल घालत होती. यानं मोठ्या हौसेनं माती कालवायला हात पुढं केला, तर तिनं तो झटकला. "चूल बायाइचं काम आहे. तुमी दुकानात जा, माती नासवू नका." हे गाऱ्हाणं तो डोमाजीला दुसऱ्यांदा ऐकवत होता, तेवढ्यात ही बाई दारात आली.

"कोनं मारलं, बाई?" डोमाजीनं विचारलं.

"गावानं. गोटा फेकून मारला जी. मी म्हणलं माह्या मालकानं खून नाई केला, तर लोकं म्हणतेत, खुन्याची बायको, निघ गावातून." ती खाली बसली. "डोमाजीभाऊ, त्याइले फाशी होते म्हणतेत. तुमी चला. मले दुसरं कोनी नाई."

डोमाजीनं तिला पाणी पिऊ दिलं, जखमेवर फडकं बांधू दिलं आणि मग पहिल्यापासून सांगायला सांगितलं.

मूल गावाच्या पुढं, जंगलाच्या कडेला मोहटोला गाव. तिथं शकुबाई, तिचा नवरा लटारू, थोरला दीर रामाजी आणि सासू भागीरथाबाई एका घरात राहत. घरची धानाची शेती, पोटापुरती.

"सयपाकाची खोली म्हंजे नुसता धूर," शकुबाई म्हणाली. "सासूचे डोळे त्याच धुरानं गेले. आता तिले समोरचा माणूस सावलीवानी दिसते. म्हणून यंदा धान निघाल्यावर मी हट्टच धरला. उभ्यानं रांधता येईन असा ओटा, भिंतीले खिडकी अन् वर धुराडं. पैसा कुठी आहे एवढा? पडलेल्या गोठ्याच्या इटा उचलल्या. मोडक्या रेंगी-गाडीच्या फळ्याइची खिडकी केली. तुपाचे रिकामे डबे कापून धुराडं जोडलं. गवंडी तेवढा सांगतला, झिंगू नावाचा."

"अन् तो झिंगू मेला," डोमाजी म्हणाला.

"मेला नाई जी, मारला. डोस्क्याचा पार चेंदा केला. चुन्याच्या भिंतीवर आढ्यापावतर रक्त."

बाजाराचा दिवस होता. सगळं घर बाजाराच्या गावी गेलं होतं आणि झिंगू एकटाच काम करत होता. दुपारनंतर लटारू बैलांना पाणी दाखवायला सगळ्यांच्या आधी घरी परतला. झिंगू पालथा पडलेला आणि त्याच्या पाठीवर त्याचीच सब्बल, खोदायची लोखंडी पहार. लटारूनं ती उचलली, त्याला सरळ करायला गेला, आणि तेवढ्यात शेजारचा मंगरू दारात आला. रक्तानं भरलेले हात, हातात सब्बल. मंगरूनं बोंब ठोकली. पोलीस यायच्या आधीच गावानं लटारूला अर्धमेला केलं.

"आदल्या सांजेले दोघाइचं भांडण झालं होतं," शकुबाई मान खाली घालून म्हणाली. "थे बी साऱ्या गावाले माहीत आहे."

मुखरूनं दुकानाची फळी लावली.

*

दुसऱ्या दिवशी ते ठाण्याच्या कोठडीशी पोचले तेव्हा लटारूचा एक डोळा सुजून बंद झाला होता आणि ओठ फाटला होता. फौजदार डोमाजीच्या जुन्या ओळखीचा होता. त्यानं भेटू दिलं, पण तोंड वाकडं करूनच.

"भांडण कशावरून झालं?" डोमाजीनं विचारलं.

"इटा सरल्या जी. ओट्याची भिंत झाली, पण पोटात भरायले काई नाई. झिंगू म्हणे आनखी गाडीभर आना. मी म्हणलं, आता एक इट आनायची ताकद नाई. जुनी चूल मोड अन् तिच्याखालची भाजकी माती खोदून भर. थो म्हणे, मी गवंडी आहो, राख उपसणारा नाई. शब्दाले शब्द लागला. मी म्हणलं, उद्या माती नाई निघाली तर याच सब्बलीनं तुह्यं डोस्कं फोडतो. बोलण्यात बोलून गेलो, भाऊ. माणूस बोलते ना असं?"

"कोनं ऐकलं?"

"ओसरीवर सारेच होते. माय, भाऊ, शेजारचा मंगरू."

"शेवटी तो खोदायले कबूल झाला?"

"हव. शिव्या देत देत झाला."

फौजदारानं सब्बल दाखवली. एका टोकाला रक्त आणि केस वाळून चिकटले होते. मुखरूनं नजर खिडकीबाहेर वळवली. डोमाजीनं दुसरं, चपटं टोक नखानं खरवडलं. बोटावर विटकरी रंगाची भाजकी माती आली.

"गवंड्याची सब्बल आहे. माती लागणारच," फौजदार म्हणाला.

"लागणारच," डोमाजी म्हणाला. "फक्त कुठली, एवढंच पाहायचं."

*

मोहटोल्याच्या घरात स्वयंपाकाच्या खोलीला पोलिसांनी कुलूप लावलं होतं. ते उघडलं तसा आतून कुबट, गोडसर वास आला. पुसाच्या महिन्यातली थंडी, दारं बंद, त्यामुळं काहीच धड सुकलं नव्हतं. नव्यानं चुना मारलेल्या भिंतीवर रक्ताचे शिंतोडे पार वरपर्यंत उडाले होते. जमिनीवर काळा पडलेला मोठा डाग होता. एका भिंतीला कंबरेइतका ओटा उभा होता, नीट बांधलेला, पण पोटात रिकामा. मुखरूनं आत हात घातला, तो कोपरापर्यंत गेला.

"यात मातीचा एक खडा पण नाही, भाऊ."

"पाहतो आहे मी," डोमाजी म्हणाला.

समोरच्या कोपऱ्यात चूल होती. नवी, ओली, करड्या रंगाची. डोमाजी तिच्यापुढं उकिडवा बसला आणि कितीतरी वेळ उठलाच नाही. मुखरूला अशा वेळी चहाची आठवण येई. बाजूला भाताच्या पातेल्याएवढा एक गंज पडला होता, तो त्यानं सवयीनं उचलून चुलीवर टेकवला. डब्याला झाकण बसावं तसा तो चपखल बसला.

"काढ तो," डोमाजी म्हणाला. मग दाराकडं वळून, "शकुबाई, ही चूल कोनी घातली?"

"मी बाजारातून आली तं घातलेली होती. ओट्यावरच्या चुलीसाठी मी शेण-माती भिजवून घमेल्यात ठेवली होती, थे सारी सरली. मले वाटलं, झिंगूनंच जुनी मोडून तिथीच नवी घालून देली. पण असं रक्त पाह्यल्यावर चुलीचं कोनाले सुचते?"

"जुनी कशी होती?"

"अशीच. गंज ठेवला का आगीले वाटच राहत नव्हती, सारा धूर तोंडावर. तीन जागी छपराच्या कवेलूचे तुकडे टेकवून भांडं बसवा लागे."

"मग मोडून नवी काऊन नाई घातली?"

शकुबाईनं दंड दाखवला. कोपराच्या वर हाड वेडंवाकडं जुळलं होतं. "लग्न होऊन आल्यावर मोडायले गेल्ती एकदा. दोघं मायलेक अंगावर आले. थोरल्या दिरानं फुंकणीनं हाणलं. सासूच्या जिवाची चूल ना थे. यंदा बी त्याइनं एवढंच म्हणलं, ओटा दुसऱ्या भिंतीले बांधा, मोडतोडीचा खर्च वाचते. मी म्हणलं, चाला, होकार तं देला."

मुखरूला तिची दया आली. एका चुलीपायी माणूस बाईचा हात मोडतो, हे त्याच्या डोक्यात शिरेना.

*

रामाजी अंगणात आईला भात भरवत होता. धिप्पाड माणूस, पण घास करताना त्याची बोटं हलकी पडत. पाहुणे आलेले पाहून त्यानं बाज पुढं ओढली.

"बसा जी. काय सांगू तुमाले? बायको पळाली तवा वाटलं यापेक्षा वाईट काय होईन. आता भाऊ गेला." त्यानं कपाळाला हात लावला. "लटारू वाईट नाई. पण राग आला का त्याले दिसत नाई. झिंगूसारखा गरीब माणूस! मरायच्या आधी मायची चूल बी नवी घालून देली बिचाऱ्यानं."

"तुमी बाजारात होते?"

"मायले घेऊन गेल्तो. सकाळी गेलो, सांजेले संगच आलो. इचारा तिले."

"इचारतो. तुमी जरा आमाले पानी आनता काय?"

रामाजी विहिरीकडं गेला. भागीरथाबाईनं धुरकट डोळे आवाजाच्या दिशेनं वळवले.

"रामा दिवसभर माह्या बाजूले होता," तिनं न विचारताच सांगून टाकलं. "बुधरीच्या ओसरीवर बसलो होतो, माह्या भाचीच्या. सांजेले त्यानं मले जिलबी चारली. हाताले शेणाचा वास येत होता त्याच्या. मी म्हणलं, बाजारात गोवऱ्या थापल्या काय रे? तं म्हणे, बैलं पाहत होतो." ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "माह्या लटारूले सोडतीन ना जी? थो रागीट आहे, पण त्यानं नाई केलं."

"कोनं केलं मग?"

"मले आंधळीले काय माहीत?"

"रामाजीची बायको कुठी गेली, माय?"

म्हातारीचा चेहरा कडू झाला. "नीला? एका बांगडीवाल्यासंग पळाली सिरोंच्याकडं. इंग्रज गेले त्याच्या आधल्या हिवाळ्यात. मी भावाच्या घरी लग्नाले गेल्ती. लटारू रात्रंदिवस वावरात, धानाच्या राखणीले. घरी दोघंच. परत आली तं सून नाई अन् चूल मोडलेली. जाता जाता चूल मोडून गेली सटवी! माह्या रामानं, पुरुषाच्या जातीनं, मायसाठी सोता चूल घातली. तिसऱ्या दिवशी मी त्यावर रांधलं. कोनत्या मायचा लेक घालते, सांगा!"

मुखरूला गहिवरून आलं. आपल्यालाही आपल्या आईसाठी असं काही करता आलं असतं तर, असं त्याला वाटून गेलं. डोमाजीनं मात्र पाणी येण्याची वाट न पाहता बाज सोडली.

शेजारचा मंगरू कुंपणापाशीच उभा होता. बोलायला उतावीळ, पण डोळे चुकवणारा. लटारूची आणि त्याची बांधावरून जुनी तेढ होती, हे त्यानं आपणहूनच सांगून टाकलं.

"मी जे पाह्यलं थेच सांगतलं. सब्बल त्याच्या हातात होती."

"मारताना पाह्यलं?"

"नाई."

"घरातून आवाज कधी आला?"

"मी बी बाजारात गेल्तो. लटारूच्या मागंमागंच आलो."

"झिंगूच्या मढ्याले आंघोळ कोनं घातली?"

"मीच. त्याचं इथी कोनी नव्हतं. डोस्क्याकडं पाहवत नव्हतं, म्हणून हातच धुत बसलो. कोरडे होते हात. नखाइत लाल माती अन् राख, बाकी काई नाई."

"शेण? ओली माती?"

"नाई जी. चांगलं आठवते मले."

*

परतताना नाल्याच्या उतारावर मुखरूनं सायकल थांबवली. त्याच्या डोक्यात गोष्ट पक्की झाली होती.

"मंगरूच, भाऊ. बांधाचं वैर. झिंगूला मारला अन् लटारूला अडकवला. वरून मढं धुवायचं सोंग."

"अन् चूल?"

"चुलीचं काय?"

"मुखरू, काल तुझ्या बायकोनं तुला काय म्हटलं होतं?"

"तिचं काय घेऊन बसले, भाऊ? म्हणे, चूल बायाइचं काम, माती नासवू नका." मुखरू पुन्हा चिडला. "अन् खरंच मी नासवलीच असती. परवा एकदा तिच्या नकळत घालून पाहिली होती. ते वरचे तीन उंचवटेच विसरलो. तिनं पाहिलं अन् पोट धरून हसली."

डोमाजीनं त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की सायकल कलंडता कलंडता राहिली.

"मागं वळव. फौजदाराकडं."

*

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा सगळे त्या खोलीत जमले होते. फौजदार दोन शिपाई घेऊन आला होता. हातात बेड्या घातलेला लटारू त्यांच्यामध्ये उभा होता. शकुबाई त्याच्याकडं पाहत होती, जवळ जायची परवानगी नव्हती. मंगरू गावातून एक पहार घेऊन आला होता. रामाजीनं आईला हात धरून आणलं आणि ओट्याला टेकवून बसवलं.

"लवकर सांग, डोमाजी," फौजदार म्हणाला.

"सांगतो. लटारूनं झिंगूले जुन्या चुलीखालची माती खोदायले लावलं. झिंगूनं खोदली. सब्बलीच्या टोकाले भाजकी माती आहे, त्याच्या नखाइत राख होती. मग माती गेली कुठी? ओट्याचं पोट रिकामं आहे. अंगणात ढीग नाई. अन् खड्डा बी नाई. जिथी खड्डा असायले पाहिजे, तिथी नवी चूल आहे."

"झिंगूनंच खड्डा बुजवून घातली असेल," फौजदार म्हणाला.

"भरावासाठी काढलेली माती पुन्हा त्याच खड्ड्यात कायले टाकेन तो? अन् चूल शेण-मातीची आहे. झिंगूचे हात कोरडे होते. मंगरूनं धुतले आहेत. म्हणजे झिंगू पडल्यावर दुसऱ्याच कोनी खड्डा बुजवला, शकुबाईची भिजवलेली माती घेतली अन् रक्ताच्या शेजारी बसून चूल घातली. लटारूनं? त्याचे हात रक्तानं भरले होते, साऱ्या गावानं पाह्यले. शेण कोनं पाह्यलं काय?"

मंगरूनं हळूच मान हलवली.

"आता या चुलीकडं पाहा. मुखरूनं गंज ठेवला तो झाकणावानी बसला. काऊन? वर भांडं टेकायचे तीन उंचवटे नाईत. या मुलखातली लहान पोरगी बी ते विसरत नाई. पुरुष विसरते, कारण पुरुष कधी चूल घालतच नाई. मुखरू विसरला. अन् याच घरात, याच जागी, याच्या आधी जी चूल होती, तिले बी ते नव्हते. म्हणून तर कवेलूचे तुकडे लावा लागत. दोन चुली, चूक एकच. पहिली कोनं घातली, थे मायनं मले अभिमानानं सांगतलं."

रामाजीनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. "मी मायसाठी चूल घातली, थो गुन्हा झाला काय?"

"मायवर एवढी माया, तर तिचे डोळे जात असताना एकदा बी ती चूल बदलू काऊन नाई देली? भावजयीचा हात मोडला, पण चूल नाई मोडू देली. बाई चूल घालायले बसली का आधी जुनी उकरते, खालची माती काढते. तुमाले तिथी कोनाचा हात जायले नको होता. रामाजीभाऊ, पुरुष जन्मात एकदाच चूल घालते, जवा खाली काई लपवायचं असते तवा."

"मी बाजारात होतो. मायच्या बाजूले."

"दिवसभर बाजूले होते, तर बैलं कधी पाह्यली? शेणाचा वास बैलाचा नव्हता. या मातीचा होता." डोमाजी मंगरूकडं वळला. "खोद."

पहिल्या घावाला ओली चूल फुटली. खालची माती भुसभुशीत होती, नुकतीच बुजवलेली. मंगरू हातभर खाली गेला आणि एकदम मागं सरला. मुखरूनं वाकून पाहिलं आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. काळवंडलेली कवटी होती. एक बाजू आत दबलेली. खाली मनगटाच्या हाडांत हिरव्या काचेचे तुकडे अडकले होते आणि पायाजवळ चांदीचा वाळा होता.

"पळून जाणारी बाई अंगावरची चांदी मागं ठेवत नाई," डोमाजी हलक्या आवाजात म्हणाला. "अन् स्वतःलेही."

शकुबाईनं तोंडात पदर कोंबला. रामाजीचा चेहरा मात्र बदलला नाही. तो आईपुढं गुडघ्यावर बसला आणि भात भरवताना काढायचा तसाच मऊ आवाज काढून बोलला.

"माय, आठव बरं नीट. तू लग्नावरून आल्यावर चूल लटारूनं घातली होती ना? वावरातून थोच येत होता घरी. अन् बाजारात मी तुह्याजवळच होतो. सांग यायले. तुह्या सांगण्यावर आहे आता सारं."

खरोखरच सारं तिच्या सांगण्यावर होतं. हाडांवर मारणाऱ्याचं नाव लिहिलेलं नसतं. एका घरातले दोन भाऊ, आणि म्हातारीचा एक शब्द ज्याच्याकडं झुकेल तो वाचणार होता. मुखरूनं लटारूकडं पाहिलं. तो आईकडं पाहत होता.

"मले तिच्याजवळ न्या," भागीरथाबाई म्हणाली.

शकुबाईनं तिला खड्ड्यापाशी बसवलं. म्हातारीनं हात खाली घातला. बोटं कवटीवरून फिरली, दबलेल्या जागी थांबली, मग मनगटाच्या काचांवर गेली.

"इतकी वर्सं मी हिले शिव्या देल्या," ती म्हणाली. "सकाळी चूल पेटवताना देल्या, सांजेले इझवताना देल्या. हिच्या छातीवर बसून रांधलं अन् हिलेच शिव्या देल्या."

"माय..." रामाजी म्हणाला.

"चूल रामानं घातली. लटारू महिनाभर वावरातच होता, मी लग्नावरून आल्यावर बी त्याची भाकर तिथीच पाठवत होती. अन् बाजारात रामा माह्याजवळ नव्हता. मले बुधरीच्या ओसरीवर बसवलं अन् गेला, सांजेले आला. म्हणे, दारू प्याले गेल्तो, कोनाले सांगू नको. मी नाई सांगतलं. मले वाटलं, लटारूनं केलंच नाई तर सोडतीनच त्याले. मी दोघाइले वाचवाले गेली, साहेब."

रामाजी उठला. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं मऊपण गळून पडलं.

"भात करपवला होता तिनं!" तो ओरडला. "एक मुसळ मारलं, एकच! मरायसाठी नव्हतं मारलं! अन् हा झिंगू वाळा हातात घेऊन मले इचारते, रामाजीभाऊ, हा कोनाचा जी? अन् तू, माय, तू बी..."

त्यानं मंगरूच्या हातातली पहार हिसकली आणि आईच्या डोक्यावर उगारली. मुखरू जन्मात कधी चपळ नव्हता. पण तो मध्ये पडला, नेमकं कसं ते त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही. पहार त्याच्या खांद्यावर आदळली, हाड मोडल्याचा आवाज त्यानं स्वतः ऐकला आणि तो खड्ड्याच्या कडेला कोसळला. पहार दुसऱ्यांदा वर गेली. तेवढ्यात शिपायांच्या मधून लटारू झेपावला आणि त्यानं बेड्यांची साखळी मागून भावाच्या गळ्यात टाकली.

दोघं भिंतीवर आदळले, मग जमिनीवर. धुराड्याचे डबे खडखडत खाली आले. रामाजीच्या हातून पहार सुटली, पण लटारूनं साखळी सोडली नाही. त्यानं गुडघा पाठीत रोवला आणि दोन्ही मुठी मागं खेचल्या. रामाजीचे डोळे बाहेर आले, जीभ दिसू लागली, टाचा जमीन खरडू लागल्या. एका शिपायानं लटारूच्या पाठीत काठी घातली, दुसऱ्यानं केस धरून ओढलं. डोमाजीनं त्याची बोटं उकलायचा प्रयत्न केला. लटारूला काही लागतच नव्हतं.

"सोड, लेका!" डोमाजी ओरडला. "सुटला आहेस तू! आता याले मारलं तर पुन्हा फासावर जाशीन!"

लटारूला ते ऐकूच गेलं नाही. शकुबाई किंचाळत होती.

भागीरथाबाई जमिनीवरून सरपटत आली. तिला दिसत नव्हतं, पण घरघर कोणाच्या घशातून येते आहे ते ती ओळखत होती. तिचे हात आधी रामाजीच्या चेहऱ्यावर पडले आणि तिथून झटकन मागं आले. मग चाचपडत तिनं लटारूच्या मुठी धरल्या.

"सोड, लटारू," ती म्हणाली. "मले एक तर पोरगा राहू दे."

मुठी उघडल्या. रामाजी खोकत, ओकत कुशीवर पडला आणि शिपायांनी त्याच्या मुसक्या आवळल्या. फौजदारानं स्वतः किल्ली काढून लटारूच्या बेड्या उघडल्या. शकुबाई धावत नवऱ्याजवळ गेली, पण तिला थोडं थांबावं लागलं, कारण म्हातारी त्याचे हात सोडायला तयार नव्हती.